रुग्णांच्या नोंदी, संशोधन आणि विश्वास

डॉक्टरांच्या खोलीत आपण जे सांगतो, ते पुष्कळदा घरातल्या माणसांनाही सांगितलेले नसते. जुने व्यसन, मनाचा आजार, पोटी मूल नसल्याचे दुःख, एखाद्या तरुण मुलीला झालेला क्षयरोग हे सारे केस पेपरवर उतरते आणि तेथेच राहील अशी आपली समजूत असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो केस पेपर दवाखान्याच्या कपाटात पडून राही. आता तो संगणकात जात आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू केले. त्याअंतर्गत चौदा अंकी 'आभा' क्रमांक घेतलेल्यांची संख्या ७० कोटींच्या पुढे गेली आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांकडेही हे क्रमांक आहेत.

अशा नोंदी एकत्र आल्या की त्यांतून नवे वैद्यकीय ज्ञान मिळविता येते. त्याच नोंदी चुकीच्या हाती पडल्या तर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. मग रुग्णाची गुप्तता राखावी की संशोधनाला वाट द्यावी? हा प्रश्न असा दोन टोकांचा नाही, असे आम्हास वाटते. इंग्लंडने गेल्या दशकभरात ह्या बाबतीत दोनदा ठेच खाल्ली आणि त्यानंतर एक सुरक्षित वाट शोधून काढली. आपल्या देशात ही व्यवस्था अजून घडत आहे, म्हणून तो अनुभव आजच समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदींचे मोल

आजाऱ्यांच्या नोंदी पाहून रोगाचे मूळ शोधणे ही काही परकी कल्पना नव्हे. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईतच सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने ती उभारली. शहरातील रुग्णालयांतून कर्करोगाच्या रुग्णांची माहिती गोळा करण्याचे ते चिकाटीचे काम होते. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे, हे अशाच नोंदींतून स्पष्ट झाले.

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या माणसांची नोंद रुग्णालयात सापडणार कशी? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयित रुग्णांना तपासणीसाठी घेऊन आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या भागातील स्त्रियांचा सर्वांत मोठा वैरी असल्याचे त्यातून दिसले. पुढे त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणीही ह्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना मात्र त्या काळात कोणतीच तपासणी मिळाली नव्हती, म्हणून ह्या अभ्यासावर नैतिक टीकाही झाली. ज्यांच्या शरीरातून ज्ञान निघते त्यांचे ऋण कसे फेडावे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या दारात उभा आहे.

नोंदींमुळे अफवांनाही आळा बसतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला ह्यांवरील लसीमुळे मुलांना स्वमग्नता जडते असा समज १९९८ साली इंग्लंडमधील अवघ्या बारा मुलांच्या अहवालातून पसरला. तो अहवाल २०१० साली मागे घेण्यात आला, परंतु त्याच्या आधीच, २००२ मध्ये, डेन्मार्कमधील संशोधकांनी ५ लाख ३७ हजार ३०३ मुलांच्या नोंदी तपासून असा संबंध नसल्याचे दाखविले होते. त्या देशात प्रत्येक मुलाच्या लसीची व आजाराची नोंद सुरक्षित ठेवलेली नसती, तर घाबरलेल्या मातांना उत्तर देणे फार कठीण झाले असते.

नाव खोडले म्हणजे झाले काय?

"आम्ही नावे काढून टाकतो, मग भीती कसली?" असे आश्वासन नेहमी दिले जाते. ते पुरेसे नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नाव व पत्ता काढून संशोधकांना देण्यात आल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढे मात्र तसेच राहिले. लटान्या स्वीनी ह्या विद्यार्थिनीने वीस डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे तत्कालीन राज्यपाल विल्यम वेल्ड त्याच शहरात राहत होते. त्यांची जन्मतारीख असलेले सहाच मतदार निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. अशा रीतीने राज्यपालांच्या आजारांची माहिती एका विद्यार्थिनीच्या हाती लागली.

ही गोष्ट लहान समाजांना अधिक लागू पडते. लाखोंच्या शहरात 'बावन्न वर्षांची स्त्री, मूत्रपिंडाचा विकार' एवढ्याने कुणाचाही माग लागत नाही. परंतु एखाद्या लहान धर्मग्रामाचे, तेथल्या एकाच मठाचे आणि त्या वयाच्या एकाच धर्मभगिनीचे काय? नाव न घेताही सारे गाव ओळखेल. आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. त्याचबरोबर दुसरी बाजूही आहे. अशा समाजाची नोंद मुळीच झाली नाही, तर त्याचे आजार कुणाच्या अभ्यासात येणार नाहीत.

गुप्तता भंगली तर काय होते, ते फिनलंडने २०२० मध्ये अनुभवले. तेथील एका मानसोपचार संस्थेच्या संगणकातून तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. समुपदेशकाजवळ विश्वासाने उघड केलेल्या गोष्टी त्यांत होत्या. चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली आणि मग एकेका रुग्णाला पत्र पाठवून पैसे मागितले. संस्था पुढे दिवाळखोरीत गेली. परंतु ज्यांची मने अशी चव्हाट्यावर आली, त्यांची भरपाई कोणते न्यायालय करू शकणार?

इंग्लंडला लागलेल्या दोन ठेचा

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. प्रत्येक नागरिकाचा एक फॅमिली डॉक्टर ठरलेला असतो आणि जन्मापासूनची नोंद त्याच्याकडे असते. संशोधकांच्या दृष्टीने हा खजिनाच होय. तो एका ठिकाणी आणण्यासाठी सरकारने २०१३ साली 'केअर डॉट डेटा' नावाची योजना जाहीर केली. जानेवारी २०१४ मध्ये घरोघरी पत्रके टाकली गेली. पण नाव कसे वगळावे, माहिती कोणाला मिळणार, हे लोकांना नीट उमगले नाही. त्याच सुमारास एक बातमी आली, की रुग्णालयांतील कोट्यवधी रुग्णांच्या जुन्या नोंदी विमागणिततज्ज्ञांच्या एका संस्थेला विम्याच्या अभ्यासासाठी देण्यात आल्या होत्या. लोक संतापले, डॉक्टर साशंक झाले. योजना आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०१६ मध्ये, रुग्णगुप्ततेच्या रक्षक म्हणून नेमलेल्या डेम फियोना कॅल्डिकट ह्यांच्या अहवालानंतर, कायमची बंद झाली.

२०२१ मध्ये तसाच प्रयत्न दुसऱ्या नावाने झाला. मे महिन्यात घोषणा झाली आणि फॅमिली डॉक्टरांकडील नोंदी १ जुलैपासून मध्यवर्ती साठ्यात जाणार होत्या. ह्या वेळीही लोकांना पुरेसे सांगितले गेले नव्हते. त्या उन्हाळ्यात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी आपली माहिती वापरण्यास नकार नोंदविला आणि योजना थांबवावी लागली.

ह्या दोन्ही वेळा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. चूक पद्धतीत होती. प्रथम सर्व नोंदींची एक मोठी प्रत काढावयाची, मग ती वेगवेगळ्या संस्थांना वाटावयाची आणि जाहीर करताना गुळमुळीत भाषा वापरावयाची, हा तो रस्ता होता. वाटलेली प्रत परत मिळत नाही. ती पुढे कोणाच्या हाती गेली, कोणी काय पाहिले, ह्याचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न नोंदींकडे न्यावा

२०२० च्या वसंत ऋतूत कोविडने थैमान घातले तेव्हा उत्तर तातडीने हवे होते. हा आजार कोणाचा जीव घेतो आहे आणि का? ऑक्सफर्ड विद्यापीठातील डॉ. बेन गोल्डेकर ह्यांचा गट आणि लंडनची आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था ह्यांनी मिळून 'ओपनसेफली' नावाची व्यवस्था काही आठवड्यांत उभारली. तिचे तत्त्व साधे आहे. नोंदी संशोधकाकडे पाठवावयाच्या नाहीत, संशोधकाचा प्रश्न नोंदींकडे पाठवावयाचा.

ते कसे घडते, हे थोडक्यात पाहू. फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी ज्या दोन मोठ्या संगणक कंपन्यांच्या साठ्यात आधीपासून आहेत, तेथून त्या हलत नाहीत. संशोधकाला खऱ्या रुग्णाची एकही ओळ दिसत नाही. त्याला केवळ बनावट नोंदींचा एक नमुना मिळतो. त्या नमुन्यावर तो आपली संगणकीय आज्ञावली लिहून तपासून पाहतो. मग ती आज्ञावली साठ्याच्या आत पाठविली जाते, खऱ्या नोंदींवर आपोआप चालते आणि बाहेर येते ते एकत्रित आकड्यांचे तक्ते. हे तक्तेही आधी माणसे तपासतात. एखाद्या रकान्यात मोजकीच माणसे असतील आणि त्यांची ओळख पटण्याचा संभव असेल, तर तो आकडा झाकला जातो. ह्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणी, केव्हा, कोणता प्रश्न विचारला ह्याची नोंदवही आणि प्रत्येक आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. रुग्णाचे गुपित बंद राहते आणि संशोधकाचे काम उघड्यावर येते. जुन्या पद्धतीत बरोबर ह्याच्या उलट घडत असे.

ह्यातून काय मिळाले? जुलै २०२० मध्ये 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकात पहिला निबंध प्रसिद्ध झाला. १ कोटी ७२ लाख ७८ हजार ३९२ प्रौढांच्या नोंदी आणि कोविडने झालेले १० हजार ९२६ मृत्यू त्यात तपासले होते. वय, मधुमेह, दारिद्र्य ह्यांचा परिणाम आकड्यांनिशी दिसला. कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका, इतर आजार व परिस्थिती जमेस धरूनही, गोऱ्या नागरिकांच्या जवळजवळ दीडपट होता. दक्षिण आशियाई म्हणजे त्यात भारतीयही आले. तेथील रुग्णालयांत आपल्या देशातील हजारो डॉक्टर आणि परिचारिका राबत होत्या. आपली माणसे अधिक का मरत आहेत, हा प्रश्न त्यांच्या नातलगांच्या मनात होताच. त्याला अश्रूंच्या जोडीने आकड्यांचा आधार मिळाला. दुसऱ्या लाटेतही दक्षिण आशियाई कुटुंबांवरील हा धोका टिकून राहिल्याचे पुढील अभ्यासात दिसले.

पुढे ह्या व्यवस्थेच्या कक्षेत इंग्लंडमधील बहुतेक सर्व लोकसंख्या आली. एप्रिल २०२२ मध्ये डॉ. गोल्डेकर ह्यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात अशाच सुरक्षित जागांमध्ये संशोधन व्हावे, नोंदींच्या प्रती वाटणे थांबवावे, अशी शिफारस होती. २०२५ मध्ये कोविडव्यतिरिक्त इतर आजारांच्या अभ्यासासाठीही ओपनसेफलीचे दार उघडण्यात आले.

ह्या पद्धतीला मर्यादा आहेत. डॉक्टरने नोंद चुकीची लिहिली असेल तर कोणतीही आज्ञावली ती दुरुस्त करू शकत नाही. क्ष-किरण चित्रे किंवा डॉक्टरने मुक्तपणे लिहिलेला मजकूर अशा रीतीने अभ्यासणे अवघड जाते. शिवाय कुलूप कितीही भक्कम असले, तरी कोणत्या कामासाठी ते उघडावे हा निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो. रुग्णाच्या नकाराला त्यात मान हवा. इंग्लंडमध्ये २०१८ पासून असा नकार एका ठिकाणी नोंदविता येतो. कॅल्डिकट ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वांत २०२० साली आठव्या तत्त्वाची भर पडली. आपल्या माहितीचा वापर कसा होतो हे रुग्णाला आधीच ठाऊक असावे, त्याला मागाहून धक्का बसू नये, असा त्याचा आशय आहे.

आपल्या देशात

आता आपल्याकडे वळू. आभा व्यवस्थेच्या आखणीत एक गोष्ट स्वागतार्ह आहे. तिच्यात सर्व नोंदींचा एकच मध्यवर्ती साठा कल्पिलेला नाही. नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडे वा प्रयोगशाळेकडे राहाव्यात आणि रुग्णाच्या संमतीने एकाकडून दुसऱ्याकडे जाव्यात, असे तिचे धोरण सांगते. परंतु ही संमती उपचारासाठीची झाली. संशोधनासाठी कोणती वाट असेल, ह्याचे चित्र सामान्य माणसापुढे आलेले नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्या वेळी जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. ह्या कायद्यातील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली, आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळा, अधिक नाजूक असा दर्जा नाही. आपला मोबाइल क्रमांक आणि आपल्या मानसिक आजाराची नोंद एकाच मापाने मोजली जाते. दुसरी, संशोधन व आकडेवारीच्या कामाला ठरावीक निकष पाळल्यास कायद्याच्या बहुतेक बंधनांतून सूट आहे. त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेता कामा नये, ही अट त्यात आहे आणि ती योग्यच आहे. तरीही नोंदींची प्रत वाटावी की प्रश्न नोंदींकडे न्यावा, हे कायदा ठरवीत नाही. ते ठरविणे रुग्णालये, संशोधन संस्था आणि त्यांच्या नीतिमत्ता समित्या ह्यांच्या हाती राहते.

आजार उघड झाल्याने काय ओढवते, हे आपल्या संसदेला ठाऊक आहे. म्हणूनच २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात रुग्णाची स्थिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले गेले. परंतु क्षयरोग, मिरगी, मनोविकार, वंध्यत्व ह्यांनीही सोयरिकी मोडतात आणि नोकऱ्या जातात. दुसरीकडे संगणकाच्या कुलपांची अवस्था काय आहे? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. देशातील सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे बराचसा कारभार हाताने, कागदावर चालवावा लागला. एम्सची ही गत, तर लहान रुग्णालयांनी नोंदींच्या प्रती इकडे तिकडे पाठविल्यास त्या कितपत सुरक्षित राहतील?

आपली जबाबदारी

हा विषय आपल्या समाजापासून दूरचा नाही. भारतीय कॅथलिक आरोग्य संघाची स्थापना १९४३ साली धर्मभगिनी डॉ. मेरी ग्लोरी ह्यांच्या पुढाकाराने झाली. आज त्याच्या छत्राखाली तीन हजारांहून अधिक संस्था आहेत. त्यांतील अनेक दुर्गम भागांत असून गरिबांची सेवा करतात. म्हणजे लाखो गरीब रुग्णांचे केस पेपर आपल्या संस्थांच्या कपाटांत आणि संगणकांत आहेत. धर्मभगिनींवर विश्वास ठेवून माणसे तेथे येतात. तो विश्वास ही त्या संस्थांची खरी मिळकत होय, आणि ती एकदा गमावली तर नवी इमारत बांधून परत मिळत नाही.

आमच्या मते आपल्या रुग्णालयांनी संशोधनाला पाठ दाखवू नये. गरिबांच्या आजारांचा अभ्यास झाला नाही, तर औषधे आणि योजना श्रीमंतांच्या आजारांपुरत्या राहतील. परंतु एखादी संस्था वा कंपनी नोंदी मागावयास आली, तर व्यवस्थापनाने तिला काही साधे प्रश्न विचारावेत. नोंदी आमच्याकडेच ठेवून तुमचे काम भागेल काय? भागत नसेल तर नेमक्या किती आणि कोणत्या नोंदी हव्यात, नि काम संपल्यावर त्या नष्ट केल्याचे कोण तपासणार? लहान गावांतील मोजक्या माणसांचे आकडे झाकले जातील काय? नीतिमत्ता समितीने मान्यता दिली आहे काय? निष्कर्ष आमच्या रुग्णांना त्यांच्या भाषेत कळविले जातील काय? आणि ह्या अभ्यासातून उद्या औषध वा तपासणी निघाली, तर ती ह्याच रुग्णांना परवडेल काय?

धर्मग्रामस्थांनीही आपल्या परीने सजग राहावे. रुग्णालयात दाखल होताना घाईघाईने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यातील संमती उपचारापुरती आहे की संशोधनासाठीही, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. आभा क्रमांकासाठी कोणी आग्रह धरला तर तो घेणे ऐच्छिक आहे, हे ठाऊक असावे. घरातील वडीलधाऱ्यांचे रिपोर्ट नातलगांच्या मोबाइल गटांवर सर्रास फिरविण्याची आपली सवयही तपासून पाहावी. दुसऱ्याने गुप्तता राखावी अशी अपेक्षा करणाऱ्याने ती आपल्या घरापासून पाळणे बरे.

बार्शीच्या गावागावांतून फिरलेल्या कार्यकर्त्यांना शेतकरी बायकांनी आपली दुखणी सांगितली, कारण समोरचा माणूस ओळखीचा होता आणि तो कशासाठी आला आहे हे त्याने तोंडाने सांगितले होते. आजच्या संगणकाला चेहरा नाही. म्हणून त्याच्यामागे असलेल्या माणसांनी आपण काय विचारले, कशासाठी विचारले आणि काय सापडले, हे लोकांपुढे मांडले पाहिजे. तसे झाले तर आपल्या रुग्णांची माणसे नकाराचे अर्ज भरावयास धावणार नाहीत. आपल्या दुखण्यातून दुसऱ्या कुणाचे दुखणे टळत असेल, तर त्यांची बहुधा ना नसते. मात्र आपल्याला विचारले जावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.